जेडच्या प्राचीन वस्तू : सहलीनंतरचा तक्ता
(इयत्ता ६ वी व ७ वी : इतिहास व चित्रकला यांचा संयुक्त पाठ)

वस्तुसंग्रहालयाची सहल आटोपल्यावर विद्यार्थ्यांनी एखादा तक्ता तयार करून वर्गात लावावा, ही प्रथा चांगली आहे. परंतु पुष्कळदा असा तक्ता पुस्तकातील चित्रे व वाक्ये उतरवून तयार होतो. प्रत्यक्ष पाहिलेले त्यात थोडेच असते. भिंतीवरचा मजकूर खालच्या वर्गांतील मुले रोज वाचतात व खरा मानतात. यास्तव पाहिलेले काय, संशोधनाने सिद्ध झालेले काय आणि केवळ तर्काने मानलेले काय, हा भेद विद्यार्थ्यांना शिकविणे हा या पाठाचा मुख्य उद्देश होय.

विषयप्रवेश

हैदराबादच्या सालारजंग वस्तुसंग्रहालयात जेडच्या वस्तूंचे स्वतंत्र दालन आहे. जहांगीर बादशहाचा खंजीर व नूरजहानची फळे कापण्याची सुरी या तेथील प्रसिद्ध वस्तू होत. मराठवाड्यातून तेथे सहल गेल्यास प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडावी, तिचे रेखाटन करावे, रंग टिपावा, पातळ कडेतून उजेड दिसतो काय हे पाहावे आणि शेजारच्या पाटीवरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा.

या वस्तू मोगल काळातील आहेत. जेडच्या कारागिरीची परंपरा चीनमध्ये त्याहून हजारो वर्षे जुनी आहे. तेव्हा 'हा दगड प्रथम कोणी व कसा घडविला?' या विद्यार्थ्यांच्या स्वाभाविक प्रश्नावरून शिक्षकांनी चीनकडे वळावे.

दगडाची ओळख

जेडला फार्सीत यशब म्हणतात. या एका नावाखाली नेफ्राइट व जेडाइट अशी दोन निराळी खनिजे येतात. हा भेद १८६३ मध्ये दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्पष्ट केला. प्राचीन चीनमधील जेड म्हणजे नेफ्राइट. तो हिरवाच असतो असे नाही. पांढरा, पिवळसर व तपकिरीही असतो. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो सहजासहजी फुटत नाही. साध्या पोलादी चाकूने त्यावर ओरखडाही उठत नाही. मग तो कापला कसा? वाळूतील गारेचे कण जेडपेक्षा किंचित कठीण असतात. ओली वाळू व दोरी किंवा पाते यांच्या साहाय्याने कारागीर हा दगड दिवसचे दिवस घाशीत असत. म्हणून तक्त्यावर 'छिन्नीने कोरला' असे लिहू नये; 'वाळूने घासून घडविला' असे लिहावे.

हे पटविण्यासाठी विटेचा एक तुकडा, सुतळी व ओली वाळू घ्यावी. दोन विद्यार्थ्यांनी सुतळीची टोके धरून ती विटेवर मागेपुढे ओढावी व तिसऱ्याने वाळू घालीत राहावे. काही वेळाने विटेवर खाच पडू लागते. वीट जेडहून कितीतरी मऊ असते, हे येथे अवश्य सांगावे; म्हणजे त्या कारागिरांच्या चिकाटीची कल्पना येईल.

तीन उदाहरणे

१) चीनच्या झेजियांग प्रांतातील ल्यांगजू येथील संस्कृती इ. स. पू. ३३०० ते २३०० या काळातील आहे. हे स्थळ २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथे 'त्सुंग' नावाच्या वस्तू सापडल्या. त्या बाहेरून चौकोनी असून मध्ये गोल आरपार छिद्र असते. त्यांतील सर्वांत मोठी सुमारे ९ सेंमी उंच व साडेसहा किलो वजनाची आहे. तेवढ्याच वजनाचे दगड पिशवीत भरून विद्यार्थ्यांना उचलावयास द्यावेत. त्सुंग हे पृथ्वीच्या पूजेचे साधन होते असे एका प्राचीन चिनी ग्रंथावरून सांगतात. परंतु तो ग्रंथ ल्यांगजूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी लिहिला गेला. म्हणून हा तर्कच समजावा.

२) आनयांग येथे १९७६ मध्ये फू हाव या राणीची समाधी उघडली गेली. ती राणी इ. स. पू. १२०० च्या सुमाराची. समाधीत जेडच्या ७५५ वस्तू मिळाल्या.

३) मानचेंग येथे १९६८ मध्ये ल्यू शेंग या राजपुत्राची समाधी सापडली. त्याचा मृत्यू इ. स. पू. ११३ मध्ये झाला. त्याच्या शवावर जेडच्या २,४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेने शिवलेला पोशाख होता. जेडमुळे देह कुजत नाही अशी त्या काळची समजूत होती. प्रत्यक्षात पोशाख उरला. देह मातीत मिळून गेला होता.

तक्त्याची रचना

कागदाच्या मध्यभागी चीनचा नकाशा काढून तिन्ही स्थळे दाखवावीत. त्सुंगचे चित्र पट्टीने मोजून खऱ्या उंचीचे काढावे. सहलीतील रेखाटने एका बाजूस चिकटवावीत. मजकुरासाठी तीन शाया वापराव्यात : स्वतः पाहिलेले काळ्या शाईने, उत्खननातून सिद्ध झालेले निळ्या शाईने आणि तर्क वा समजूत लाल शाईने. चीनमधील वस्तू विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या नसल्यामुळे त्यांच्याविषयीचे एकही वाक्य काळ्या शाईत येणार नाही. 'जेडमुळे देह टिकतो' हे वाक्य लाल शाईत पडेल व 'देह टिकला नव्हता' हे निळ्या शाईत. ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत.

तपासणी

तक्ता लावण्यापूर्वी त्याचे वाचन वर्गात करावे. प्रत्येक ओळीस 'हे कशावरून?' असा प्रश्न इतर विद्यार्थ्यांनी विचारावा. लिहिणाऱ्याने वहीतील नोंद दाखवावी किंवा आधार सांगावा. ज्या ओळीस आधार सापडणार नाही, ती अक्षर कितीही सुरेख असले तरी काढून टाकावी. रिकामी राहिलेली जागा तशीच ठेवावी. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल.