नाव गाळू नका!
(नवीन गाणी शोधणाऱ्यांसाठी एक छोटासा पाठ)



रात्री अकरानंतर आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये चक्कर मारा, कानात इयरफोन नसलेला माणूस सापडणं कठीण. असाइनमेंट लिहिताना गाणी, मेसच्या लाइनीत गाणी, सबमिशनच्या आदल्या रात्री तर हवीतच हवीत! पण ‘हे कुणाचं गं?’ असं विचारलं की उत्तर येतं ते पिक्चरचं नाव, नाहीतर हिरोचं. कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकीवर कोण, काहीच माहीत नसतं.

ज्या गाण्यांना पिक्चरही नाही आणि हिरोही नाही, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. इंग्लिशमध्ये त्यांना इंडिपेंडंट, लाडाने ‘इंडी’ म्हणतात. आपण ‘स्वतंत्र संगीत’ म्हणू. व्याख्या सोपी आहे: कुठल्या कंपनीने ऑर्डर दिली म्हणून नाही, तर कलाकाराला सांगायचं होतं म्हणून तयार झालेलं, आणि त्यानं स्वतःच्या हिमतीवर लोकांपर्यंत नेलेलं संगीत.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ‘इंडी’ म्हटलं की डोळ्यापुढे गिटार यायची, आणि मुंबईचा १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा फेस्टिव्हल. पण या विषयाचा माग काढत गेलं की सगळ्यात भक्कम उदाहरण मुंबईत नाही, लंडनमध्ये तर नाहीच नाही, आपल्या सिन्नर तालुक्यात सापडतं.

देशवंडीचे वामनदादा

वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. लहानपणी शाळा नाही. तरुणपणी मुंबईला गेल्यावर ते अक्षरं शिकले, आणि १९४३ च्या सुमारास गाणी लिहायला लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विचार हा त्या गाण्यांचा गाभा. पुढे साठ वर्षं ते लिहीत राहिले, गावोगाव जाऊन गात राहिले. १५ मे २००४ ला नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं.

जमीन मात्र आधीच तयार होती. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच दशकात आपल्याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी (हे वेगळे कर्डक बरं का!) आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. जलसा म्हणजे गाणं, संवाद, विनोद यांतून विचार सांगायचा. स्टेज म्हणजे वस्तीतली मोकळी जागा, आणि तिकीट नाही.

आता इंजिनिअरसारखा विचार करू. वामनदादांच्या गाण्यांचं ‘डिस्ट्रिब्युशन’ कसं झालं असेल? त्यांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह निघाला १९७३ मध्ये. म्हणजे पहिली तीस वर्षं गाणी पुस्तकाशिवायच फिरली. एका गावात कार्यक्रम झाला की ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी गाणं वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या गावची गायन पार्टी ती वही बघून पेटी-ढोलकीवर तेच गाणं बसवायची. तिथून तिसरं गाव. सर्व्हर नाही, नेटवर्क नाही, तरीही डेटा पोचला! कारण प्रत्येक नोडवर एक माणूस होता, ज्याला ते गाणं मनापासून आवडलं होतं.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हेच काम टेपरेकॉर्डर करायला लागला. रेकॉर्डच्या जमान्यात गाणं छापायला मोठी कंपनी लागायची. कॅसेट मात्र छोटा दुकानदारसुद्धा काढू शकत होता. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. आपल्याकडे भीमगीतं आणि लोकगीतं घराघरात गेली ती याच काळात.

१२८ बाइट्सची गोष्ट

इतक्या हातांतून गेल्यावर गाणं कुणाचं हे हरवत कसं नाही? जुन्या लोकांनी यावर झकास उपाय काढला होता. तो म्हणजे नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं ना, तेच. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. वही हरवू दे, गायक बदलू दे, नाव गाण्यातच शिवलेलं असतं. काढायला गेलं तर चाल मोडते, यमक मोडतं.

आपल्या एमपी थ्री फाइललाही अशी मुद्रा असते. तिला आयडी थ्री टॅग म्हणतात. पहिल्या आवृत्तीत फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइट्स राखून ठेवलेले: ३ बाइट्स ‘टॅग’ या खुणेला, ३० गाण्याच्या नावाला, ३० कलाकाराला, ३० अल्बमला, ४ सालाला, ३० शेऱ्याला आणि १ प्रकाराला. बेरीज करून बघा, बरोबर १२८. (त्यात देवनागरी मावत नव्हती, दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडची सोय झाली.)

थोडं गणित. चार मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएसला सुमारे ३८ लाख ४० हजार बाइट्सचं होतं. नाव लागतं १२८ बाइट्सना. म्हणजे तीस हजारातला एक भाग! कलाकाराची ओळख सांभाळायला एवढीशी जागा पुरते. पण नाममुद्रेत आणि टॅगमध्ये मोठा फरक आहे. टॅग पुसला तरी गाण्याला ओरखडासुद्धा उठत नाही, म्हणून पुसला गेलेला कुणाच्या लक्षातच येत नाही. व्हॉट्सअॅपवर गाण्याची फाइल पाठवा, समोर बऱ्याचदा नुसती तारीख आणि नंबर असलेली फाइल पोचते. रीलमध्ये तर पंधरा सेकंदांचा तुकडाच उरतो. २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’वर नाचला नाही असा माणूस आपल्या गॅदरिंगला नव्हता. पण ते क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं आहे, मराठी शब्द आणि हाउस म्युझिक एकत्र आणायची त्यांची कल्पना आहे, आणि ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, हे किती जणांना ठाऊक होतं?

तुम्ही म्हणाल, नाव नसलं म्हणून काय बिघडलं, गाणं तर ऐकलं ना! बिघडतं. आपल्या देशात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला. कागदावर हक्क आहे. पण नावच गळून पडलं तर हक्क कुणाच्या दारात नेऊन द्यायचा? आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याचं दुसरं गाणं आपण शोधणार कसं? ज्याला मोठी कंपनी पाठीशी आहे त्याचं नाव पोस्टरवर असतं. स्वतंत्र कलाकाराचं नाव फक्त आपल्या तोंडी असतं.

मशीनला नवीन गाणं कळत नाही

‘पण अॅप सुचवतंच की नवीन गाणी!’ हा नेहमीचा मुद्दा. कॉम्प्युटरवाल्यांना उत्तर माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. एक मोठं टेबल डोळ्यापुढे आणा. आडव्या ओळी म्हणजे ऐकणारी माणसं, उभे रकाने म्हणजे गाणी. कुणी काय ऐकलं त्याच्या खुणा. तुमची ओळ माझ्या ओळीसारखी असेल तर तुमची गाणी मला सुचवली जातात. हे झालं कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग. आता आज सकाळी एखाद्याने आपल्या खोलीत रेकॉर्ड करून चढवलेलं गाणं घ्या. त्याचा रकाना रिकामा! मशीनकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. सूर, ताल मोजून अंदाज बांधायच्या युक्त्या आहेत, पण रकान्यातल्या पहिल्या खुणा माणसांनाच कराव्या लागतात. थोडक्यात काय, वहीत गाणं उतरवून घेणाऱ्याची नोकरी अजून गेलेली नाही.

यात पैशाचाही प्रश्न आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं असेल तरच त्यावर रॉयल्टी. तीस सेकंदांच्या वर ऐकलं तरच ते मोजलं जातं, आणि ऐकणारी माणसंही वेगवेगळी लागतात. म्हणजे एकट्याने रात्रभर लूपवर लावून उपयोग नाही. पण हॉस्टेलमधल्या १०० जणांनी वर्षभरात फक्त १० वेळा ऐकलं तर १००० होतात! रक्कम फार नसेल, पण शून्याच्या पलीकडे जाणं न जाणं आपल्यासारख्या एका हॉस्टेलच्या हातात आहे.

शोधायचं कसं?

पहिली युक्ती: नावाचा माग. आवडलेल्या एका गाण्याचे क्रेडिट्स वाचा आणि त्यातला एक माणूस पकडा. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप ग्रुपचं ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) घ्या. आरेच्या जंगलाचा प्रश्न मांडणाऱ्या त्या गाण्यावर आरेतल्या प्रकाश भोईर यांचं नाव ग्रुपच्या बरोबरीने आहे. तिथून वारली गाण्यांकडे वाट जाते, आणि वारली समाज आपल्या जिल्ह्यातही आहे. त्याच ग्रुपमधून अमरावतीच्या १०० आरबीएचपर्यंत पोचता येतं. एका गाण्यातून दोन दारं!

दुसरी: पोस्टरची खालची ओळ. आपल्याकडे द्राक्षमळ्यात २००८ पासून सुलाफेस्ट भरत आलाय (२०२० नंतर थांबला होता, २०२५ मध्ये परत झाला). पुण्याला २०१० मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला. तिकीट आपल्या खिशाला झेपणारं नाही, पण पोस्टर फुकट असतं! मोठ्या अक्षरांतली नावं सोडा. अगदी खाली बारीक अक्षरांत दुपारच्या उन्हात वाजवणाऱ्यांची नावं असतात. ती एकेक करून ऐका.

तिसरी: स्पीकरच्या दिशेने चालत जा. १४ एप्रिलची मिरवणूक, गल्लीतलं भजन, नाशिक ढोलचं पथक. वाजवणाऱ्याला जाऊन विचारा, ‘दादा, हे कुणाचं?’ आनंदाने सांगतात.

आणि पुढे द्यायचं कसं?

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये आम्ही दर रविवारी संध्याकाळी एक तास नुसतं ऐकायला बसायचो. प्रत्येकीने एकच गाणं आणायचं, पिक्चरचं नको. एकदा सुरगाण्याकडच्या मैत्रिणीने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. तिचे मामा लग्नात पावरी वाजवतात, त्याचं. आवाज खरखरीत, मध्येच कुणीतरी जेवायला हाका मारतंय, पण ती पावरी सुरू झाली आणि खोलीतली कुजबुज थांबली. संपल्यावर नियमाप्रमाणे आम्ही विचारलं, नाव? मामांचं ठाऊक होतं, पण साथीला ढोल कुणाचा? तिने तिथल्या तिथे घरी फोन लावला. पलीकडे आधी हशा झाला, ‘हॉस्टेलात आमचं वाजवतंय होय!’ मग मामांनी दोन्ही नावं सांगितली, कोणत्या गावचे तेही सांगितलं. आणि म्हणाले, ‘पोरींनो, तुम्ही ऐका खुशाल, नेटवर नका टाकू.’ आम्ही नाही टाकलं, आणि म्हणून ती नावं इथेही छापलेली नाहीत. पण आमच्याकडच्या फाइलला आता नंबर नाही, दोन माणसांची नावं आहेत.

म्हणजे नावाबरोबर मर्जीही विचारायची. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी फुकट देऊन टाकली. तिथे वाटणं हेच त्यांना हवं होतं. दुसरा कलाकार बँडकॅम्पवर विकतो. तिथे डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट घेते, बराचसा भाग त्याला मिळतो. अशा वेळी फाइल कॉपी करून देऊ नका, लिंक द्या.

तर जर्नलच्या भाषेत, प्रॅक्टिकल क्रमांक १:

उद्देश: एका अनोळखी गाण्याला दहा नवे कान मिळवून देणे.
साहित्य: एक गाणं, एक स्पीकर, टीव्ही रूम (रेक्टर सरांच्या परवानगीने, आणि रात्री दहाच्या आत!).
कृती:
१) एका वेळी एकच गाणं द्या. वीस गाण्यांची यादी कुणी ऐकत नाही.
२) गाण्याआधी नाव, गाव आणि साल सांगा. लिहिणारा, गाणारा, वाजवणारा, जेवढे माहीत तेवढे सगळे.
३) तुम्हाला का आवडलं ते एका वाक्यात सांगा. ‘मस्त आहे’ चालणार नाही.
४) पूर्ण ऐका. शेवटच्या कडव्यात नाव असू शकतं!
५) आवडलं तर कलाकाराला दोन ओळी लिहा. परवडलं तर विकत घ्या.

मेसचे काका, वॉचमन दादा, लॅबचे सर, तुम्हीही या. तुमच्या गावाकडची गाणी कुठल्याच अॅपवर नाहीत. ती फक्त तुम्हाला माहीत आहेत. निष्कर्षाची जागा मी रिकामी सोडतेय, ती तुम्ही भरा. फक्त भरताना गाण्याच्या खाली गाणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.