मुळे फुटविण्याचे प्रयोग : आधी नमुना, मग माल

कापडाच्या धंद्यात नवा रंग आला की आपण लगेच पूर्ण थान रंगवीत नाही. आधी एक तुकडा रंगवून धुतो व न धुतलेल्या तुकड्याशेजारी ठेवून पाहतो. फांदीला मुळे फुटविण्याच्या बाबतीत मी हा नियम विसरलो आणि नुकसान केले.

अम्मीने लावलेले डाळिंब जुन्या घराच्या अंगणात होते. ते घर पावसाळ्यानंतर सोडायचे होते. कोणी सांगितले म्हणून बारा काड्या बटाट्यात खोचून कुंडीत पुरल्या. बटाटे सडले, त्याबरोबर काड्याही गेल्या. सगळा माल एकाच नुसख्यावर लावला होता.

मग गुटी कलम केले. पावसाळ्याच्या सुरुवातीस पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पाच निरोगी फांद्या निवडल्या. प्रत्येकीची इंचभर साल गोल काढून खालचा बुळबुळीत थर खरवडला. भिजवून पिळलेले मॉस त्यावर लावले, प्लास्टिक गुंडाळले आणि दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधली. पानांत तयार होणारे अन्न व मुळे फुटविणारे द्रव्य सालीतून खाली उतरते. साल काढली की ते वरच्या कडेला साचते व तेथे मुळे फुटतात. पाणी आतल्या लाकडातून चढत राहते, म्हणून फांदी सुकत नाही. दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून भरपूर मुळे दिसली, तेव्हा बांधाच्या खाली कापून फांद्या सावलीत कुंडीत लावल्या. पाचपैकी तीन जगल्या.

काड्यांवर प्रयोग करायचाच असेल तर पंधरा काड्या घ्या : पाच साध्या, पाच कोरफडीच्या गरात बुडविलेल्या, पाच मुळांच्या पावडरीत बुडविलेल्या. माती, सावली व दिवस एकच ठेवा आणि कुंडीवर तारीख लिहा. बाजारातील बऱ्याच पावडरींत इंडोल ब्युटिरिक ॲसिड असते. त्याचा हा गुण १९३५ साली अमेरिकेत झिमरमन व विल्कॉक्सन यांनी दाखविला. दालचिनीचा उपयोग बुरशी रोखण्यापुरताच समजावा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काडीचा खालचा काप सरळ व वरचा तिरका द्यावा, म्हणजे ती उलटी लागत नाही. तसेच पाने फुटली म्हणजे मुळे आली असे नव्हे. काडी साठलेल्या अन्नावरही पालवते. घाईने उपटून पाहू नका.

साध्या पाच काड्याही तितक्याच फुटल्या, तर पुढच्या वेळी पावडरीचा खर्च वाचेल. रोपे विकण्याचा विचार असणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. अम्मीच्या डाळिंबाचे एक रोप माझ्याकडे आहे, उरलेली दोन मी बहिणींना दिली.