फटफटीचे शॉकप कधी बदलावे, कसे बदलावे

चिखल्याहून गोबरवाहीला जा, नाहीतर तुमसरच्या बाजाराला जा. पायी जाणारे आता थोडेच दिसतात. पुष्कळ घरांपुढे फटफटी उभी असते. आपले आजे-पणजे बंडीने जात. बंडीला ना स्प्रिंग, ना तेल. खड्डा आला की बंडी दणकन आपटे आणि बसणाऱ्याचे हाडन् हाड बोलू लागे. पण बैलांची चाल ती केवढी? तासाला चार किलोमीटर. फटफटी तासाला चाळीस किलोमीटर जाते. तोच खड्डा तिला दहापट वेगाने भेटतो. म्हणून फटफटीच्या चाकाला स्प्रिंग लावलेली असते, आणि स्प्रिंगच्या पोटात एक नळी असते. या नळीचे इंग्रजी नाव शॉक ॲब्सॉर्बर. आपल्याकडचे मिस्त्री तिला शॉकप म्हणतात. आपणही तेच म्हणू.

पुष्कळांना वाटते, स्प्रिंग आणि शॉकप एकच. तसे नाही. दोघांचे काम निराळे आहे.

झाडाला बांधलेला झोका आठवा. एकदा ढकलला की तो कितीतरी वेळ हलत राहतो. स्प्रिंगचेही तसेच. खड्ड्यात चाक आपटले की स्प्रिंग दबते. दबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आपणहून थांबता येत नाही. आता समजा, तुम्ही तलावाच्या काठी झोक्यावर बसला आहात आणि दोन्ही पाय पाण्यात बुडवले आहेत. आपला भंडारा जिल्हा तलावांचाच, तेव्हा हे काही अवघड नाही. आता झोका फार हलेल काय? पाणी पायांना अडवील आणि झोका लवकर थांबेल. झोका म्हणजे स्प्रिंग. पाण्यात बुडालेले पाय म्हणजे शॉकप.

शॉकपात पाणी नसते, तेल असते. होळीची पिचकारी घ्या. तिच्यात पाणी भरा. हळूहळू दाबा. पाणी सहज बाहेर येते. आता एकदम जोराने दाबा. हात अडतो ना? भोक लहान असल्यामुळे पाण्याला एकदम बाहेर पडता येत नाही. शॉकपाच्या नळीत एक दांडा वर-खाली होतो. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके असतात. दांडा हलला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. जेवढा धक्का जोराचा, तेवढा तेलाचा अडसर मोठा. धक्क्याचा जोर तेलात जिरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून आल्यावर शॉकपाच्या नळीला बाहेरून हात लावून पाहा. ती कोमट लागेल.

ही स्प्रिंग कशाची बनते? पोलादाची. आणि त्या पोलादात काय असते? ज्याच्यामुळे चिखल्याचे नाव दूरवर गेले, ते मँगनीज! स्प्रिंगच्या दर १०० किलो पोलादात साधारण अर्धा ते एक किलो मँगनीज असते. लोखंडात थोडे गंधक राहून जाते. लोखंड तापवून लांबवताना हे गंधक त्याला भेगा पाडते. मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवते आणि पोलाद कणखर करते. आपल्या या मुलखात १८९६ सालापासून एक विलायती कंपनी मँगनीजचा धंदा करीत होती. १९६२ साली आजची मॉईल कंपनी निघाली. १९७७ साली विलायती कंपनीचा उरलेला वाटाही सरकारने घेतला. चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली उतरून जे काळे दगड माणसे बाहेर काढतात, तशा दगडांतले मँगनीज तुमच्या गाडीच्या स्प्रिंगमध्ये बसलेले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकते. शॉकप तेवढा टिकत नाही. दांड्याभोवती रबराचे सील असते. रस्त्याची धूळ दांड्यावर बसते, सीलला घासते, आणि एक दिवस तेल पाझरू लागते. तेल गेले की उरते नुसती स्प्रिंग. म्हणजे पाण्याबाहेरचा झोका.

शॉकप गेला हे कसे ओळखावे? गाडी मोठ्या स्टँडवरून खाली घ्या. सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोराने दाबा आणि एकदम सोडा. गाडी वर आली आणि थांबली, तर शॉकप चांगला. वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, तर शॉकप संपला. मग दांडा पाहा. तो कोरडा आणि चकचकीत पाहिजे. तेलाने ओला असेल आणि त्यावर धुळीचा काळा चिकट थर बसला असेल, तर सील फाटले म्हणून समजा. मागच्या टायरवर हात फिरवा. एका जागी खोल, एका जागी उंच, अशी झीज लागली, तर ते चाक रस्त्यावर नाचत चालले असेल. खड्ड्यात 'ठक्' असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो काय, तेही ऐका. तो आवाज कधीकधी नुसत्या रबरी बुशाचा असतो. बुश स्वस्त असतो. म्हणून आधी बुश पाहावा. काही दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

"थोडी उडते गाडी, उडू द्या. पाठ दुखेल, दुसरे काय?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण गोष्ट पाठीवर थांबत नाही. चाक रस्त्याला टेकलेले असेल तरच ब्रेक लागतो. हवेत असलेल्या चाकाला कितीही ब्रेक लावा, गाडी थांबणार नाही. शॉकप गेला की मागचे चाक नाचते. समोर गाय आली, शाळेतले पोर आले, तर जिथे थांबायला हवे तिथे गाडी थांबत नाही, चार हात पुढे जाते. त्या चार हातांतच जीव असतो. वळणावर बारीक खडी असली तर नाचणारे चाक बाजूला सरकते. रात्री दिव्याचा झोत वर-खाली होतो. आपल्याला खड्डा दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आणि मागे कोण बसलेले असते? बहुतेक वेळा घरची बाई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन. दिवस गेलेली बाई दवाखान्यात न्यायची असेल, तेव्हा तर या उड्या मुळीच चालणार नाहीत.

हलक्या गाडीला हा त्रास जास्त होतो. कसा, ते हिशेब करून पाहू. साधी फटफटी ११० ते १२० किलोची. तिच्यावर ६० किलोचा नवरा, ५० किलोची बायको आणि ४० किलोचे धानाचे पोते. किती झाले? १५० किलो. गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा ओझे जास्त! मोठी एस. टी. माणसांनी भरली, तरी माणसांचे वजन गाडीच्या वजनापेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणून गाडी जेवढी हलकी, तेवढे ओझे तिला जास्त जाणवते. शिवाय ट्रकाच्या आणि बंद पडलेल्या जुन्या टांग्यांच्या पाट्यांना एक सोय असते. पाट्यावर पाटा घासतो, आणि त्या घासण्यानेही उसळी थोडी कमी होते. फटफटीच्या गोल स्प्रिंगला ही सोय नाही. तिची सगळी भिस्त शॉकपावर.

ही विद्या तशी फार जुनी नाही. १९०४ च्या सुमारास मोटारींना जे शॉकप लावू लागले, त्यांत तेल नव्हते. चकत्या एकमेकींवर दाबून घासायच्या, एवढेच. तेलाचे पुढे आले. इंग्लंडात १९५७ साली लोटस सेव्हन नावाची दोन माणसांची उघडी मोटार निघाली. शर्यतीची हौस असलेल्या माणसांसाठी ती केलेली. वजन फक्त ५०० किलोच्या आसपास. तिलाही आपल्या फटफटीसारखाच, स्प्रिंगच्या पोटात शॉकप होता. तशा घडणीच्या गाड्या बाळगणारे लोक आजही पहिल्यांदा शॉकप तपासतात, कारण हलकी गाडी शॉकपावाचून रस्ता सोडते. आपल्या राज्यात मुंबईच्या मुलुंडला गेब्रियल कंपनीने १९६१ पासून शॉकप बनवायला सुरुवात केली. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजलाही शॉकपांचा कारखाना आहे, तो एन्ड्युरन्स कंपनीचा.

शॉकप विकत घेताना वाचता येण्याचा खरा उपयोग होतो. खोक्यावर गाडीचे नाव असते, मॉडेल असते, आणि भागाचा नंबर असतो. आपल्या गाडीच्या पुस्तकातला नंबर कागदावर लिहून न्या आणि खोक्यावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. एका अक्षराचा फरक असला तरी शॉकप लांब किंवा आखूड निघू शकतो. खोक्यावर सर्व करांसहित किंमत आणि माल बनल्याचा महिना-वर्ष छापलेले असते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. पक्के बिल मागा. दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या नंबरावर ग्राहकाला तक्रार सांगता येते. आणि शॉकप नेहमी जोडीने घ्या. एक नवा, एक जुना असे लावले, तर एक बाजू अडवते, दुसरी सोडते, आणि वळणावर गाडी अंग टाकते.

जुना शॉकप उघडून, तेल भरून देणारेही मिस्त्री आहेत. पैसे वाचतात, हे खरे. पण झिजलेला दांडा तसाच राहतो आणि नवे सील पुन्हा लवकर फाटते. आमचे मत विचाराल तर, कर्ज काढू नका, पण चार महिने पैसे साठवून नवी जोडी घ्या. तोवर गाडी हळू चालवा आणि मागे ओझे लादू नका.

बसवायचे काम अवघड नाही. ज्या गाडीला मागे दोन बाजूंना दोन शॉकप आहेत, तिचेच आम्ही सांगतो. एकच शॉकप मधोमध असलेल्या गाडीचे काम मिस्त्रीकडे द्यावे. पुढच्या चिमट्याच्या नळ्यांतले तेल आणि सील बदलायचे कामही त्याच्याकडेच द्यावे.

सपाट, टणक जमीन पाहा. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. चाक ठोकळ्याला नुसते टेकले पाहिजे. सायलेन्सर गार झालेला असावा. नट गंजले असतील तर आदल्या रात्रीच त्यावर थोडे पातळ तेल सोडा. नटावर नीट बसेल असाच पाना घ्या. ढिला पाना नटाची धार खातो आणि हातही सोलतो.

आता लक्ष द्या. दोन्ही शॉकप एकाच वेळी काढायचे नाहीत. एक काढा, तिथे नवा लावा, मग दुसरा काढा. एक शॉकप जागेवर असला तर चाक खाली पडत नाही. वरचा नट काढा, खालचा बोल्ट काढा. वायसर ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा. शॉकप बाहेरच्या बाजूला ओढून घ्या. खुंट्या पुसून त्यांना थोडे ग्रीस लावा. नवा शॉकप उभा धरून चार-पाच वेळा दाबून पाहा, म्हणजे आडवे ठेवल्यामुळे तेलात शिरलेली हवा वर निघून जाईल. मग तो बसवा. भोक जुळत नसेल तर ठोकळा थोडा आत-बाहेर करून चाक वर-खाली करा. भोक जुळले की नाही हे पाहायला आत बोट घालू नका. चाक सरकले तर बोट तुटेल.

नट आधी हातानेच लावा. दोन्ही शॉकप लागले की गाडी स्टँडवरून खाली घ्या, चाकांवर तिचे वजन येऊ द्या आणि मगच पान्याने नट आवळा. अधांतरी आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. शॉकपाच्या खालच्या बाजूला खाचांची कडी असते. ती फिरवून स्प्रिंग कमी-जास्त कडक करता येते. एकटे जात असाल तर मऊ खाच, ओझे असेल तर कडक खाच. दोन्ही बाजूंची खाच मात्र एकच पाहिजे. ५० किलोमीटर गाडी चालली की सगळे नट एकदा पुन्हा तपासा.

शॉकपाच्या डोक्यावरचा नट खोलून स्प्रिंग वेगळी करायची खटपट घरी करू नका. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. नट सुटला की ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, आणि तोंड समोर असले तर तोंडच फुटते. काढलेल्या जुन्या शॉकपात कधीकधी दाबलेला वायूही असतो. तो शॉकप चुलीत टाकू नका, छिन्नीने फोडू नका, पोरांच्या हाती देऊ नका. तेल पाझरत असेल तर ते डब्यात धरा. विहिरीजवळ किंवा बांधीत ओतू नका. मग आख्खा शॉकप भंगारवाल्याला द्या, आणि आत वायू असू शकतो हे त्याला सांगून द्या. लोखंड कापताना त्याच्याही डोळ्याला इजा होऊ शकते.