रिकाम्या अणूची भिंत टणक कशी?

प्रश्न : अणू जवळजवळ रिकामा असतो, असे आम्ही शाळेत शिकलो. मग भिंतीवर टेकलेला हात आरपार का जात नाही? आणि पूर्ण रिकामी जागा विश्वात कुठे आहे का?

उत्तर : रिकाम्या अणूचे चित्र रदरफोर्ड यांच्या १९११ सालच्या सिद्धान्तातून आले. सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण सरळ पार गेले, मोजके मात्र उलट फिरले. म्हणजे अणूचे जवळपास सगळे वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटले होते. केंद्रक अणूहून हजारो पटींनी लहान असते हे खरेच. पण म्हणून बाकीची जागा ओस पडलेली नसते. इलेक्ट्रॉन ही केंद्रकाभोवती फिरणारी गोटी नव्हे. पुंजयामिकीनुसार तो ढगासारखा अणूभर पसरलेला असतो.

हात भिंतीला टेकतो तेव्हा हे ढग समोरासमोर येतात. ऋण प्रभार एकमेकांना दूर लोटतात, पण तेवढ्याने टणकपणा येत नाही. खरी मेख पाउली यांनी १९२५ साली मांडलेल्या नियमात आहे : दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. ढग एकमेकांत शिरायचे तर काही इलेक्ट्रॉनांना जास्त ऊर्जेच्या अवस्थेत जावे लागते, आणि तेवढी ऊर्जा हाताच्या दाबात नसते. हा नियम नसता तर पदार्थ स्वतःतच आकसत गेला असता, हे डायसन आणि लेनर्ड यांनी १९६७ साली गणिताने सिद्ध केले. प्रकाशकणांना हा नियम लागू नाही. ते सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'बोसॉन' गटातले. शिवाय त्यांना प्रभारही नसतो. म्हणूनच टॉर्चचे दोन झोत एकमेकांतून बिनअडथळा जातात.

आता पोकळीविषयी. ताऱ्यांमधल्या विरळ अवकाशातही दर घनसेंटिमीटरला सरासरी एखादा अणू सापडतो. तोही काढला, प्रकाश अडवला, तरी इलेक्ट्रॉन, प्रकाश वगैरेंची क्षेत्रे तिथे उरतातच, आणि ती कधीच पूर्ण शांत नसतात. कॅसिमिर यांनी १९४८ साली भाकीत केले, की क्षेत्रांच्या या अशांततेमुळे निर्वातात अगदी जवळ ठेवलेले, प्रभार नसलेले धातूचे दोन पत्रे एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ साली लॅमोरो यांनी हे बल नेमके मोजले.

तेव्हा एकही कण नसलेली जागा असू शकते. काहीच नसलेली जागा आजच्या भौतिकशास्त्राला माहीत नाही. 'अणू रिकामा असतो' हे अर्धे वाक्य आहे. मुलांना ते शिकवताना इलेक्ट्रॉनचा ढग आणि पाउलींचा नियमही सोबत सांगायला हवा.