हेलिकॉप्टरकडे वाकून का जायचे?

प्रश्न : रुग्णाला न्यायला आलेले हेलिकॉप्टर टेकले तरी त्याचा पंखा फिरतच असतो, पण तो डोक्याच्या बराच वर दिसतो. मग लोक वाकून का जातात? आणि एवढे मोकळे मैदान असताना मदतीला धावलेल्यांना लांब का हटवतात?
— एक शिक्षिका, भोर

उत्तर : पंखा उंच दिसतो तो पूर्ण वेगात असताना. तेव्हा फिरण्याच्या जोराने पाती ताठ ताणलेली असतात. वेग उतरू लागला की हीच लांब, लवचीक पाती टोकाशी झुकतात, आणि नेमका वाऱ्याचा झोत आला तर काही हेलिकॉप्टरांत टोक छातीच्या उंचीपर्यंत खाली येते. म्हणून वाकायचे. पण नुसते वाकून भागत नाही. जमीन उताराची असेल तर वरच्या अंगाने येणारा माणूस वाकला तरी पात्यांच्या कक्षेत सापडू शकतो. जायचे ते उताराच्या खालच्या अंगाने, पायलटला दिसेल असे, आणि त्याने किंवा वैद्यकीय पथकाने खूण केल्यावरच.

सर्वांत घातक जागा शेपटाची. तिथला छोटा पंखा मुख्य पंख्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतो. इतका की डोळ्यांना दिसेनासा होतो. एप्रिल 2023 मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर याच पंख्याचा फटका बसून एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव गेला, आणि ते खुद्द हवाई वाहतुकीशी संबंधित कामावर होते. काही हेलिकॉप्टरांत स्ट्रेचर मागच्या दारातून चढवतात, तेही पथकातला माणूस सोबत घेऊनच. शेपटाकडे कोणी फिरकू नये म्हणून एक माणूस सुरक्षित अंतरावर उभा करून ठेवावा.

आता मैदानाचे. साधारण 30 मीटर लांब-रुंद सपाट जागा पुरते. खरी भीती तारांची. वरून खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. 25 मे 2017 रोजी निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली येऊ लागले आणि विजेच्या तारांना लागून कोसळले. सुदैवाने सगळे वाचले. त्यामुळे मैदानाच्या कडेने कुठून कुठे तार गेली आहे, हे आधीच पायलटपर्यंत पोचवणे हे गावकऱ्यांचे सर्वांत मोलाचे काम. धुळीचे मैदान असेल तर टँकरने पाणी मारून घ्यावे, नाहीतर उठलेल्या धुरळ्यात पायलटला जमीनच दिसत नाही. रात्री टॉर्च किंवा गाडीचे दिवे वर रोखू नयेत, त्याचे डोळे दिपतात.

गर्दी निदान 60 मीटर लांब हवी, कारण पंख्याखालचा वारा ताडपत्री, पत्रा, प्लास्टिकच्या खुर्च्या सहज उडवतो. रुग्णाच्या अंगावरची चादर पट्ट्याखाली घट्ट खोचावी. सलाइनची बाटली हात उंचावून धरत स्ट्रेचरबरोबर धावणारा नातेवाईक आपल्याकडे नेहमी दिसतो. इथे तसे मुळीच करू नये. बाटली रुग्णाजवळच ठेवावी, स्टँड न्यायचाच तर आडवा धरावा. टोपी उडाली तर उडू द्यावी, तिच्यामागे धावू नये.

उड्डाणानंतरही लगेच मैदानात शिरू नये. काही बिघाड झाला तर पायलटला परत उतरायला तीच जागा लागते. काही मिनिटे ती मोकळी ठेवावी.