अक्षरांचा व्यवसाय

लग्नपत्रिका, बिस्किटांचा पुडा, दवाखान्याची पाटी, निवडणुकीचे पत्रक या वस्तू तुम्ही रोज पाहता. त्यांवरची अक्षरे कोणीतरी विचार करून मांडलेली असतात. कोणते अक्षर मोठे, कोणता रंग, किती जागा मोकळी, हे ठरवणाऱ्याला ग्राफिक डिझायनर म्हणतात. काही डिझायनर जाहिरात संस्थेत पगारावर असतात. काही घरी बसून निरनिराळ्या ग्राहकांची कामे घेतात. त्यांना फ्रीलान्स, म्हणजे स्वतंत्र डिझायनर म्हणतात. त्यांना पगार नसतो. काम मिळाले तर पैसे, नाही तर नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना ही रोजी नवी नाही. पूर्वी उर्दू वृत्तपत्राचे पानच्या पान कातिब हाताने लिहीत. नस्तालिक लिपीची अक्षरे एकमेकांवर झुकतात, म्हणून त्यांचे खिळे बनवणे कठीण होते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी रेखाटलेली 'नूरी नस्तालिक' ही अक्षरे संगणकावर आली आणि त्याच वर्षी लाहोरचे 'जंग' त्यांत छापले गेले. १९९४ मध्ये भारतात तयार झालेले 'इनपेज' आले. हळूहळू वृत्तपत्रांतले कातिबांचे काम संपले. अपवाद मद्रासच्या 'मुसलमान' या दैनिकाचा. १९२७ मध्ये सुरू झालेले हे पत्र एकविसाव्या शतकातही कातिब हाताने लिहीत होते.

आता तर संगणकाला नुसते वर्णन सांगितले तरी तो क्षणात चित्र काढून देतो. मग माणसाला काम उरेल का? माझ्या मते, जो फक्त दुसऱ्याची नक्कल करतो त्याचे काम जाईल. पण छापलेले अक्षर बरोबर आहे की चूक, हे ती लिपी वाचणाराच सांगू शकतो. इथे तुमच्यापाशी एक भांडवल आहे. तुम्हाला उर्दू येते आणि मराठीही येते. उर्दू मजकूर चुकीच्या पद्धतीने संगणकात टाकला तर अक्षरे सुटी होतात, कधी शब्द उलटा होतो. उर्दू न येणाऱ्याला ते कळतही नाही. मराठीतही तसेच आहे. पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार जागा सोडतो. मराठीतला 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. (उर्दूत दर्या म्हणजे नदी, हे तुम्हाला ठाऊक आहेच!) एका छोट्या रेघेने अर्थ बदलतो. दहा हजार पत्रके छापून झाल्यावर अशी चूक सापडली तर कागदाचा खर्च कोणी भरायचा? म्हणून छापण्यापूर्वी ग्राहकाला नमुना वाचायला द्यावा आणि त्याची लेखी संमती घ्यावी.

आता पैशांचा हिशोब पाहू. समजा, एका बेकरीवाल्या चाचांना नानखटाईच्या खोक्याचे डिझाइन हवे आहे. किती रुपये सांगाल? नवखे लोक शेजारच्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगतात आणि काही महिन्यांत व्यवसाय सोडतात. आधी आपली गरज मोजावी. समजा, घराला महिन्याला २०,००० रुपये हवेत. वीज, इंटरनेट आणि पुढे नवा संगणक घेण्यासाठी ५,००० बाजूला ठेवायचे. एकूण २५,००० झाले. महिन्यात २०० तास काम केले तरी त्यातले निम्मे तास ग्राहक शोधण्यात, बोलण्यात आणि पैसे मागण्यात जातात. त्या तासांचे कोणी पैसे देत नाही. उरलेल्या १०० तासांत २५,००० मिळवायचे, म्हणजे तासाला २५० रुपये. खोक्याला आठ तास लागणार असतील तर २,००० रुपये सांगावेत.

निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. किती वेळा दुरुस्ती करून देणार, काम कोणत्या तारखेला देणार, हे एका कागदावर लिहावे. ओळखीच्या माणसाकडे हे मागायला आपल्याला संकोच वाटतो. "अरे बेटा, घरचेच काम आहे," असे चाचा म्हणतील. पण चाचाही नानखटाई फुकट देत नाहीत. कागद आपल्याही हिताचा असतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार आपल्या कलाकृतीचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. तोच कायदा आपल्यालाही बांधतो. इंटरनेटवर दिसलेले चित्र उचलून खोक्यावर टाकता येत नाही.

शिक्षणासाठी शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा द्या. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते. मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत हे शिक्षण मिळते. महागडे साहित्य नसले तरी अडत नाही. 'इंकस्केप' आणि 'गिंप' विनामूल्य आहेत. मराठीसाठी 'मुक्त' आणि उर्दूसाठी 'नोटो नस्तालिक' हे फॉन्टही विनामूल्य आहेत. बाकीचे छापखान्यात शिकावे. संगणकाच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा हे तीन प्रकाश असतात. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर फिका पडतो. "फाईल कर्व्ह करून आणा," असे छापखानेवाले सांगतात. याचा अर्थ अक्षरांचे आकारात रूपांतर करा, नाही तर त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास अक्षरे बदलतील. मात्र कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवावी.

स्वाध्याय

१. कातिबांचे वृत्तपत्रांतले काम का संपले?
२. घराची गरज ३०,००० रुपये असेल आणि बाकीचे आकडे तेच असतील, तर तासाचा दर किती होईल?
३. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या मोहल्ल्यातील उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींतली एक पाटी पाहा. चूक आढळल्यास वहीत लिहा.