शिवडीच्या दफनभूमीत

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत शिवडी नावाची वस्ती आहे. जुना किल्ला, गोदीकडे जाणाऱ्या मालमोटारी आणि खाडीच्या चिखलात अन्न टिपण्यासाठी दरवर्षी उतरणारे रोहित पक्षी यांमुळे ती अनेकांना ठाऊक असते. याच वस्तीत ख्रिस्ती समाजाची एक विस्तीर्ण दफनभूमी आहे. ती मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते.

एका रविवारी सकाळी सातवीच्या वर्गातील काही मुले ती पाहण्यास गेली. शहराच्या इतिहासाचा अभ्यास करणारे एक वृद्ध गृहस्थ त्यांना माहिती सांगण्यासाठी आले होते. मुले त्यांना आजोबा म्हणू लागली.

फाटकाशीच आजोबांनी सर्वांना थांबविले. "हे पाहण्याचे ठिकाण खरे, परंतु त्याआधी ते शोकाचे ठिकाण आहे. येथे आजही अंत्यविधी होतात. कोणत्याही थडग्यावर पाय द्यायचा नाही, बसायचे नाही, ठेवलेली फुले उचलायची नाहीत. बोलायचे ते हळू."

आत गर्द झाडी होती. ही झाडी पाहून एका मुलीला नवल वाटले. तेव्हा आजोबांनी सांगितले, की पूर्वी येथे कृषी व उद्यानविद्येच्या एका संस्थेची बाग होती. त्या काळी युरोपियन लोकांचे दफन गिरगावाजवळच्या सोनापुरात होत असे. शहर वाढत गेले, लोकवस्ती दफनभूमीला येऊन भिडली व तेथे जागा उरेना. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्या कारकिर्दीत शिवडीची ही जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, हीही त्यांच्याच काळातली.

मुले चालू लागली. कोठे साधा दगडी क्रूस, कोठे पंख मिटून उभी असलेली संगमरवरी देवदूताची मूर्ती, तर कोठे मध्येच मोडल्यासारखा खांब. तो खांब पडझडीने मोडलेला नव्हे. आयुष्य अर्ध्यावर तुटले हे दाखविण्यासाठी तो मुद्दाम तसाच घडवितात. जहाजाचा नांगर हे ख्रिस्ती परंपरेत आशेचे चिन्ह आहे. 'आर. आय. पी.' ही अक्षरे पुष्कळ ठिकाणी दिसली. मूळ लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे असून 'यास शांती लाभो' असा त्यांचा अर्थ आहे. काही शिलांवरील अक्षरे पावसाने इतकी झिजली होती, की मुलांना ती वाचता येईनात. आजोबांनी युक्ती दाखविली. उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे उभे राहिले, की झिजलेल्या अक्षरांच्या कडांवर सावली पडते व पुसट नाव पुन्हा वाचता येते.

"येथे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना मूठमाती देण्यात आली," एके ठिकाणी थांबून आजोबा म्हणाले. नाव कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु त्यांनी रचलेली वास्तू सर्वांनी पाहिलेली होती. बोरीबंदरचे भव्य रेल्वे स्थानक, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. १८७८ मध्ये आरंभिलेले ते काम सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्यासमोरची महानगरपालिकेची इमारतही त्यांचीच. इंग्लंडातील बाथ गावी जन्मलेले स्टीव्हन्स १९०० मध्ये मुंबईतच वारले.

"मग स्थानक त्यांनी एकट्यांनी बांधले का?" एका मुलाने विचारले.

प्रश्न आजोबांना फार आवडला. त्यांनी सांगितले, की त्या कामावर सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते. भिंतींवरील पानेफुले व पशुपक्षी घडविण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पाथरवट व गवंडी तर असंख्य. "हिंदूंमध्ये बहुधा दहन होते, त्यामुळे नावाचा दगड मागे राहत नाही. येथे जी नावे आपण वाचतो ती शहर घडविणाऱ्या सर्वांची नव्हेत. राहिलेली नावे कागदपत्रांत शोधावी लागतात." मुलांनी वहीत स्टीव्हन्स यांच्या नावाखाली वैद्यांचेही नाव लिहून घेतले.

जॉर्ज विटेट यांचेही दफन येथेच झाले. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा त्यांचा. १९१३ मध्ये पायाभरणी झालेली ती कमान १९२४ च्या डिसेंबरात खुली झाली, आणि १९२६ मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, विटेट मुंबईत मरण पावले. १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी त्याच कमानीखालून निघून गेली. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या कमानीने राज्याचे निर्गमनही पाहिले. पण ते पाहण्यास तिचा रचनाकार उरला नव्हता.

आता एक मुलगी धीटपणे म्हणाली, "आजोबा, हे तर आपल्यावर राज्य करणाऱ्यांचे लोक. यांची थडगी आपण का जपायची?"

आजोबा चटकन काही बोलले नाहीत. "चला, आणखी एकांना भेटू," एवढेच म्हणून ते पुढे झाले. ते मुलांना जोसेफ बाप्टिस्टा यांच्या समाधीकडे घेऊन गेले. १८६४ मध्ये माझगावात जन्मलेले हे बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी होते. लोक त्यांना प्रेमाने काका बाप्टिस्टा म्हणत. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष होते. कामगारांच्या चळवळीतही त्यांनी मोठे काम केले. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज या पदाला महापौर म्हणतात.

"महापालिकेची इमारत कोणी रचली होती?" आजोबांनी विचारले.

"स्टीव्हन्स यांनी!" दोन-तीन मुले एकदम म्हणाली, आणि आवाज चढला हे लक्षात येऊन लगेच गप्प झाली.

"त्यांनी रचलेल्या इमारतीत काका बाप्टिस्टा अध्यक्ष म्हणून बसले. १९३० मध्ये तेही येथेच आले. आता तू ठरव." प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ त्या समाधीपाशी उभी होती.

दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून भारतात आणलेल्या व येथेच दगावलेल्या इटालियन सैनिकांचे स्मारकही या आवारात आहे. मुंबईत जागेची टंचाई मृतांनाही सोडीत नाही. ज्या कबरी कुटुंबांनी कायमच्या घेतलेल्या नसतात, त्या ठरावीक काळानंतर उकरून तेथे दुसऱ्याचे दफन होते. त्यामुळे थोड्यांच्याच नावाचा दगड टिकतो.

परतताना वाटेत एक म्हातारी बाई बादलीतील पाण्याने एक लहानसे थडगे धूत होती. मुले आपण होऊन रांगेने कडेला झाली. तिने वर पाहिले, किंचित हसली आणि पुन्हा अक्षरांवरून फडके फिरवू लागली.